कॉन्फरन्सहून काय आणलंस?

ब्रिटनमध्ये कॉन्फरन्सचा मोसम साधारण इस्टरच्या सुमारास सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर ओसरतो. याचं एक अगदी व्यावहारिक कारण आहे. विद्यार्थी सुट्टीला घरी गेले की विद्यापीठांची वसतिगृहं रिकामी होतात आणि त्याच खोल्या संशोधकांना भाड्याने मिळतात. अरुंद पलंग, टेबलावर किटली, चहाच्या दोन पुड्या, एक पातळसा टॉवेल. तीन-चार दिवस तिथे राहायचं, सकाळी गळ्यात बॅज अडकवायचा आणि रात्री पाय दुखेपर्यंत उभं राहून बोलायचं.

मी बॅटरीवर काम करणारी पोस्टडॉक आहे. उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात तीन वर्षांच्या करारावर आहे, आणि करार संपायला आठ महिने उरलेत. त्यामुळे प्रत्येक कॉन्फरन्सचा हिशेब मला मांडावा लागतो. नोंदणी शुल्क, रेल्वेचं तिकीट, खोली हे सगळं आधी स्वतःच्या कार्डवरून भरायचं आणि मग परताव्याची वाट बघायची. नवऱ्याने रजा घ्यायची, कारण चार वर्षांच्या मुलीला नर्सरीतून साडेपाचच्या आत कुणीतरी आणायला हवं. एवढं सगळं करून परत आलं की सांगलीहून आईचा फोन येतो. "झाली का कॉन्फरन्स? काय आणलंस?"

आईचा प्रश्न सरळ असतो. तिच्या मनात प्रमाणपत्र, ट्रॉफी, गेलाबाजार पेपरात छापून येण्यासारखं काहीतरी असतं. "खूप लोकांशी बोलले" असं उत्तर दिलं की ती म्हणते, "म्हणजे लग्नाला जाऊन आल्यासारखंच." यात ती फारशी चुकत नाही, पण त्याकडे नंतर येते. तिचा प्रश्न मात्र मी मनावर घेतला, कारण तो विचारायलाच हवा असा आहे. कॉन्फरन्समध्ये जी भाषणं होतात, त्यांतलं बहुतेक घरबसल्या मिळतं. शोधनिबंध छापलेले असतात, छपाईपूर्वीचे मसुदे खुले असतात, अनेक भाषणांची ध्वनिचित्रमुद्रणंही असतात. २०२० नंतर वर्ष-दीड वर्ष सगळ्या कॉन्फरन्स पडद्यावर गेल्या, तेव्हा भाषणं पडद्यावरूनही छान ऐकता येतात हे आपण पाहिलं. मग जायचं कशासाठी?

जे छापलं जात नाही, त्यासाठी. एक उदाहरण सांगते.

मी सोडियम-आयन बॅटरीवर काम करते. लिथियमच्या जागी सोडियम, म्हणजे मिठातलं मूलद्रव्य. मुबलक आणि स्वस्त. शेफील्डची फॅराडियन ही कंपनी २०११ मध्ये याच कामासाठी सुरू झाली आणि २०२२ च्या सुरुवातीला रिलायन्सने ती विकत घेतल्याची बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली होती. नवा कॅथोड पदार्थ तपासताना प्रयोगशाळेत सहसा 'हाफ सेल' करतात. एका बाजूला आपला पदार्थ, दुसऱ्या बाजूला सोडियम धातूची चकती, मध्ये इलेक्ट्रोलाइट. आकाराने नाण्याएवढा. आमच्या सेलची क्षमता काही आवर्तनांनंतर झपाट्याने घसरत होती आणि सगळ्यांचा संशय नव्या पदार्थावर होता. मी पोस्टरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन मोकळा ठेवून त्यात तो घसरता आलेख लावला होता आणि वर लिहिलं होतं: हे का होतं ते अजून कळलेलं नाही.

शेजारच्या पोस्टरवर एका कंपनीतला इंजिनिअर उभा होता. त्याच्या पोस्टरकडे गर्दी नव्हती, माझ्याकडेही नव्हती. तो तो चौकोन बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "तुम्ही दोष चुकीच्या बाजूला शोधताय का?" सोडियम धातू इलेक्ट्रोलाइटशी सतत अभिक्रिया करत असतो, त्यातून तयार झालेले पदार्थ विरघळून पलीकडे पोचतात आणि बिघाड बिचाऱ्या कॅथोडच्या माथी मारला जातो. हे तत्त्व म्हणून निबंधांत आहेच. निबंधांत नसतं ते त्याने पुढे सांगितलं. त्यांच्याकडे कुठल्या मिश्रणात हे किती दिवसांत दिसलं, तिसरा इलेक्ट्रोड घालून त्यांनी ते कसं वेगळं काढलं, आणि कुठले दोन उपाय करून बघितले जे अजिबात चालले नाहीत. "आमचं यात वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये," एवढं म्हणून तो कॉफी आणायला गेला. परत आल्यावर तीन आठवड्यांत आम्ही ती चाचणी उभी केली. पदार्थ निर्दोष निघाला.

शोधनिबंधात जे जमलं ते लिहितात. जे जमलं नाही ते माणसांच्या डोक्यात राहतं, आणि माणसं ते सगळ्यांना सांगत नाहीत. ज्याला तेच दुखणं आहे, त्याला सांगतात. म्हणून आपलं दुखणं दिसेल अशा जागी ठेवायला हवं. पोस्टरवर सगळं गुळगुळीत, सुबक, पूर्ण झालेलं दाखवलं की लोक "छान आहे" म्हणून पुढे जातात. एक कोपरा अडलेल्या कामाला दिला की लोक थांबतात. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पोस्टरवर तो चौकोन असतो.

कॉन्फरन्स बोलण्यासाठीच असते, हे ज्या मंडळींनी फार आधी ओळखलं होतं त्यांच्याबद्दल इथे सांगायला हवं. १९०३ मध्ये इंग्लंडमध्ये फॅराडे सोसायटी स्थापन झाली, आणि १९०७ पासून तिने चर्चासभा भरवायला सुरुवात केली. 'फॅराडे डिस्कशन्स' या नावाने त्या आजही भरतात. १९८० मध्ये फॅराडे सोसायटी आणि आणखी तीन संस्था एकत्र येऊन रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री झाली, आता त्या संस्थेकडे हे काम आहे. या सभेची पद्धत उलटी आहे. निबंध आधीच परीक्षण होऊन सगळ्यांकडे पाठवलेले असतात. सभेत लेखकाला बोलायला मिळतात फक्त पाच मिनिटं. उरलेला वेळ चर्चेचा. प्रश्न विचारणाऱ्यालाही आपली आकडेवारी दाखवायची मुभा असते. आणि प्रत्येक प्रश्न, प्रत्येक उत्तर, विचारणाऱ्याच्या नावानिशी, निबंधांच्या सोबत त्याच खंडात छापलं जातं. प्राध्यापक असो की पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, छापताना फरक करत नाहीत.

रात्रीच्या जेवणात तिथे एक जुना रिवाज पाळतात. सोसायटीचे दीर्घकाळ सचिव आणि संपादक असलेले मार्लो यांच्या स्मरणार्थ एक चांदीचा मोठा पेला आहे, तो टेबलांवरून हातोहात फिरतो. एकजण पीत असताना शेजारच्याने उठून त्याची पाठ राखायची, असा अशा पेल्याचा इंग्रजी संकेत. मी दारू घेत नाही. पेला ओठांशी नेऊन पुढे दिला. कुणी काही म्हटलं नाही. दिवसभर ज्याच्या आकडेवारीवर शंका काढली, त्याचीच पाठ रात्री राखायची, ही कल्पना मला आवडली.

त्या सभेला जाण्यापूर्वी मी सगळे निबंध रेल्वेत आणि मुलगी झोपल्यावर वाचले होते. प्रत्येकासाठी एक प्रश्न लिहून ठेवला होता. त्यांतला एक दुसऱ्या दिवशी सकाळी विचारला. वीस-बावीस शब्दांचा प्रश्न, दोन मिनिटांचं उत्तर. पण चहाच्या वेळी तीनजण आपणहून माझ्याकडे आले, कारण त्यांनाही तेच विचारायचं होतं. तेव्हा ध्यानात आलं की सभागृहात विचारलेला एक नेमका प्रश्न ही सगळ्यात स्वस्त ओळख आहे. भाषण द्यायला निवड व्हावी लागते, पोस्टर लावायला सारांश मंजूर व्हावा लागतो. प्रश्नाला फक्त हात वर करावा लागतो.

हात वर करणं सोपं नाही, हेही खरं. विशेषतः बायकांना. २०१८ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. दहा देशांतल्या ३५ संस्थांमधली २४७ व्याख्यानं संशोधकांनी बसून पाहिली आणि प्रश्न कोण विचारतं याची नोंद ठेवली. श्रोत्यांत बायका-पुरुष जवळजवळ सारखे असूनही, प्रश्न पुरुषाकडून येण्याची शक्यता अडीचपटीहून जास्त होती. आणखी एक निरीक्षण त्यात होतं: पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की ही तफावत वाढते. याचा उपयोग करता येतो. भाषण संपत आलं की माझा हात तयार असतो. माझा प्रश्न फार मोठा असतो असं नाही, पण तो पहिला असला तर मागे बसलेली एखादी मुलगी दुसरा विचारते. मी हे होताना पाहिलंय.

आपल्या घडणीचाही यात भाग असतो. "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये", "आपणहून आपलं सांगत सुटू नये", "टिमकी वाजवू नये" हे ऐकत आपण वाढतो. ती शिकवण वाईट आहे असं मला वाटत नाही. मात्र प्रश्न विचारणं म्हणजे टिमकी वाजवणं नव्हे, एवढा फरक केला की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. पुण्यात पीएच.डी. करताना माझ्या गाईड मॅडमनी मला पहिल्यांदा कॉन्फरन्सला पाठवलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं: "तिथे हुशार दिसायला जाऊ नकोस. तीन प्रश्न घेऊन जा आणि तीन नवे प्रश्न घेऊन ये." त्या वाक्याने माझी भीती गेली, कारण काम मिळालं.

सभागृहात बोलण्याला किती किंमत असते, हे कळायला लंडनच्या पिकॅडिलीवरच्या बर्लिंग्टन हाउसच्या आवारात उभं राहावं. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री तिथेच आहे आणि रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीही तिथेच. ११ जानेवारी १९३५ रोजी अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी आपलं काम मांडलं. वय चोवीस. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वस्तुमानाचा तारा शेवटी श्वेतबटू म्हणून स्थिरावू शकत नाही, असं त्यांचं गणित सांगत होतं. लगेच पाठोपाठ एडिंग्टन उठले, त्या काळातलं खगोलशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव, आणि त्यांनी त्या निष्कर्षाची अशी काही थट्टा केली की सभा हसली. चंद्रशेखर यांना तिथे उत्तर द्यायला संधी मिळाली नाही. पुढे अनेक नामवंत भौतिकशास्त्रज्ञांनी चंद्रशेखर यांचं बरोबर आहे असं मानलं, पण ते खाजगीत. उघडपणे एडिंग्टनच्या विरुद्ध बोलायला तेव्हा फारसं कुणी पुढे आलं नाही. १९३७ मध्ये चंद्रशेखर अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले. नोबेल पारितोषिक आलं ते १९८३ मध्ये.

ही गोष्ट आपण बहुधा चंद्रशेखर यांच्या धीराची म्हणून सांगतो. मला त्यातले सभागृहात बसलेले बाकीचे लोक जास्त आठवतात. कॉफीच्या वेळी येऊन "तुमचं बरोबर होतं हं" असं हळूच सांगणारे आजही असतात. एखाद्या तरुण संशोधकाला मोठं नाव घेरतं, तेव्हा सगळ्यांसमोर "त्यांची आकडेवारी मला पटते, त्याचं कारण असं" एवढं म्हणणं हेही कॉन्फरन्सला जाण्याचं काम आहे. त्याला धैर्य थोडंच लागतं, पण ते त्याच मिनिटाला लागतं. मग उपयोग नाही.

त्याच सोसायटीच्या सभेत २६ वर्षांनी आणखी एक भारतीय तरुण उभा राहिला. फेब्रुवारी १९६१. जयंत नारळीकर तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याकडे त्यांनी संशोधन सुरू करून वर्षही झालं नव्हतं. मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून हॉइल यांचा स्थिर स्थिती सिद्धान्त खोटा ठरतो असं जाहीर केलं होतं. त्याला सोसायटीच्या सभेत उत्तर द्यायचं होतं आणि हॉइल यांना त्या वेळी दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी आपल्या नवख्या विद्यार्थ्याला पाठवलं. नारळीकरांनी गणिताच्या आधारे उत्तर मांडलं आणि प्रश्नांना तोंड दिलं. पुढे १९६५ मध्ये वैश्विक पार्श्वप्रारणाचा शोध लागला आणि बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. म्हणजे त्या वादात त्यांची बाजू टिकली नाही, असंच बहुतेक म्हणतील. पण त्या सभेत काय मिळायचं ते मिळून गेलं होतं. ज्या मंडळींसमोर पुढची अनेक वर्षं काम करायचं होतं, त्यांना हा तरुण आपल्या गणितामागे उभा राहतो हे कळलं.

नारळीकरांनी पुढे जे केलं तेही या विषयाशी जुळतं. १९७२ मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी राहिली. आयुकाची कल्पनाच अशी की देशभरातल्या विद्यापीठांतल्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी तिथे यावं, राहावं, बोलावं आणि परत आपल्या गावी जाऊन काम करावं. आपापल्या विद्यापीठात एकटे पडलेल्या लोकांना वर्षातून काही आठवडे सोबत मिळावी. एका अर्थी कॉन्फरन्सचा गाभा घेऊन त्याची कायमची इमारत बांधली. आयुकात राहून आलेले लोक तिथल्या व्याख्यानांइतकेच तिथल्या गप्पांबद्दलही सांगतात.

आता व्यवहाराचं. मी काय करते ते सांगते. तुमचं क्षेत्र औषधांचं असो, पुलांचं असो की सॉफ्टवेअरचं, यातलं बरंचसं लागू पडेल.

जाण्यापूर्वी दोन आठवडे कार्यक्रमपत्रिका हातात घेते आणि पाच नावं निवडते. त्यांत फार तर एक मोठं नाव असतं. मोठ्या नावांभोवती घोळका असतो आणि त्यांना पुढच्या विमानाची घाई असते. उरलेले चार माझ्याच वयाचे, माझ्याच पातळीवरचे किंवा कंपन्यांमधले. पुढची वीस वर्षं ज्यांच्यासोबत काढायची ते हे लोक. प्रत्येकाचा अलीकडचा एक निबंध वाचते आणि चार ओळींची ईमेल लिहिते: तुमचं पोस्टर मंगळवारी आहे, तुमच्या तिसऱ्या आकृतीबद्दल मला अमुक विचारायचं आहे, दहा मिनिटं मिळतील का? पाचांपैकी तीन-चारजण हो म्हणतात. लोकांना आपली आकृती कुणी बारकाईने बघितली याचं फार अप्रूप असतं, आणि का नसावं?

तिथे गेल्यावर सगळी भाषणं ऐकत नाही. समांतर चार सत्रं चालू असताना सगळं ऐकणं शक्यही नसतं. दुपारच्या जेवणानंतरचं एक सत्र मुद्दाम सोडते. त्या वेळात बाहेर एक फेरी मारते आणि सकाळपासून ऐकलेलं वहीत उतरवते. रात्री खोलीवर येऊन, किटली लावून, दिवसभरात भेटलेल्या प्रत्येक माणसाबद्दल तीन ओळी लिहायच्या: कोण, काय म्हणाला, मी काय पाठवते असं कबूल केलं. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. परत आल्यावर दोन दिवसांच्या आत ते कबूल केलेलं पाठवायचं. एखादा निबंध असेल, एखाद्या पुरवठादाराचं नाव असेल, एखादा आलेख असेल. "भेटून आनंद झाला" अशा ईमेल शंभर येतात आणि विसरल्या जातात. "तुम्ही मागितलेला आलेख सोबत जोडला आहे" ही विसरली जात नाही. माझ्या मते कॉन्फरन्सची निम्मी किंमत या दोन दिवसांत वसूल होते.

आता आईच्या लग्नाच्या उपमेकडे येते. आपल्याला अशा ठिकाणी वावरायचं शिकवावं लागतं असं म्हणतात, पण लग्नात आपण काय करतो? अनोळखी माणसाशेजारी बसतो आणि दोन मिनिटांत "कुठले तुम्ही?" म्हणून विचारतो. मग त्याचं गाव, त्याचा मामा, आपली आत्या, आणि कुठेतरी धागा सापडतोच. साहित्य संमेलनातही तेच. १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं, तेव्हापासून मराठी माणसं परिसंवाद कमी आणि मांडवाबाहेरच्या गप्पा जास्त यासाठीच संमेलनाला जात आली असावीत. धागा शोधायची सवय आपल्या अंगात आहे. इथे गावाच्या ऐवजी पदार्थ विचारायचा, मामाच्या ऐवजी पीएच.डी.चा गाईड. "तुम्ही कुठल्या ग्रुपमधून?" हे "कुठले तुम्ही?"चंच भाषांतर आहे.

संध्याकाळी पबमध्ये जायचं का, हा इथे नव्याने आलेल्यांचा नेहमीचा प्रश्न. जायचं. लाइम सोडा घेऊन दीड तास सहज काढता येतो आणि हातात ग्लास असला की कुणी आत काय आहे ते विचारत नाही. शाकाहारी असाल तर नोंदणीच्या वेळीच लिहायचं, आणि तरीही पिशवीत चिवड्याची पुडी ठेवायची. ती पुडी मी उघडली की आजूबाजूला चौघं गोळा होतात, हा अनुभव आहे. एका जपानी प्राध्यापकांशी माझी ओळख कढीपत्त्यावरून झाली.

हे सगळं सांगताना एक गोष्ट सोडून चालणार नाही. कॉन्फरन्सला जे येतात त्यांचंच ऐकू येतं. जे येऊ शकत नाहीत त्यांचे प्रश्न त्या सभागृहात नसतातच. १८८५ मध्ये महात्मा फुल्यांनी ग्रंथकार सभेचं निमंत्रण पत्र लिहून नाकारलं, त्याच्या मुळाशी हाच मुद्दा होता: ज्यांचं दुःख या सभेत कुणाला ठाऊक नाही, त्यांच्या वतीने ही सभा काय बोलणार? आमच्या क्षेत्रात हे रूप वेगळं असतं. पैसे आधी भरता येत नाहीत म्हणून न येणारे असतात. भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसाची तारीख वेळेत मिळाली नाही म्हणून बार्सिलोनाचं भाषण सोडणारे असतात. तान्हं मूल घरी आहे म्हणून न येणाऱ्या तर कितीतरी. यातल्या काही गोष्टींवर उपाय आहेत, ते माहीत करून घ्यावेत. अनेक विद्वत्सभांकडे प्रवासासाठी छोटी अनुदानं असतात. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीकडे तर मुलं किंवा आजारी, वृद्ध माणसं सांभाळणाऱ्यांसाठी वेगळं अनुदान आहे. मुलीला सांभाळायच्या जादा तासांचे पैसे मला एकदा तिथून मिळाले. अर्ज चार पानांचा होता, पण त्यात "हे मागणं रास्त आहे का" असा सूर कुठेही नव्हता. विद्यापीठाकडे प्रवासाचा खर्च आगाऊ मागता येतो का हेही विचारावं; विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये गेल्या ऑक्टोबरात सोलापूरहून एक मुलगी पीएच.डी.ला आलीय. या सप्टेंबरात ती आणि मी एकाच कॉन्फरन्सला जाणार आहोत. तिचं पोस्टर आहे, माझं बारा मिनिटांचं भाषण. परवा ती पोस्टरचा मसुदा घेऊन आली. सगळे आलेख चढते, सगळ्या रेघा सुबक. मी विचारलं, "न जमलेलं कुठे आहे?" तिने दुसऱ्या फाइलमधून काढून दाखवलं. बराच वेळ आम्ही त्यावर बोललो आणि शेवटी खालचा उजवा कोपरा रिकामा केला.

माझ्या करारापुरतं बोलायचं तर वहीत गेल्या दोन वर्षांतली ४३ नावं आहेत. त्यांतल्या सहा जणांना मी गेल्या महिन्यात लिहिलं की मार्चपासून मी नवं काम शोधते आहे. पाचांनी उत्तर दिलं. दोघांकडे पुढच्या वर्षी जागा निघण्याची शक्यता आहे. एकाने माझ्यासोबत प्रस्ताव लिहायला घेतलाय. पोस्टरशेजारी भेटलेल्या त्या इंजिनिअरने आपल्या कंपनीतल्या दोघांशी गाठ घालून दिली. यातलं काहीच पक्कं नाही, आणि पक्कं होईल असं मी घरी कुणाला सांगितलेलंही नाही. पण ही सहा पत्रं लिहिताना एकालाही "मी कोण" हे सांगावं लागलं नाही.

या मोसमात तुम्हीही कुठे निघाला असाल. कॉफीच्या रांगेत बॅजवर मराठी आडनाव दिसलं तर खुशाल हाक मारा, चिवडा माझ्याकडे असेलच. एक संध्याकाळ आपण मनसोक्त मराठीत बोलू. बाकीच्या जेवणांना मात्र वेगवेगळ्या टेबलांवर बसू.